बटण उपसमिती

‘पंधरा दिवसांत’ हे शब्द माझ्याच तोंडून निघाले, हे आधीच मान्य करतो. नाकबूल होण्यात अर्थ नाही. सभेचं कार्यवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

सभा आमच्या सोसायटीची होती आणि विषय क्रमांक चार होता तक्रार नोंदवही. ही वही पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला सुतळीनं बांधलेली असे. सुतळी वहीला होती, पेनाला नव्हती. त्यामुळे वही कायम जागेवर असे आणि पेन कधीच नसे. मग लोक तक्रार मला जिन्यात गाठून सांगत आणि मी ती घरच्या पेनानं लिहून ठेवी. नऊ वर्षं मी सचिव आहे. त्याआधी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेली. चाळीस ओळींची बातमी आठ ओळींत बसवायची आणि बातमीदाराला कळू द्यायचं नाही, हे माझं काम. साहजिकच आमच्या नोंदवहीत एकही तक्रार दोन ओळींच्या वर नाही. पाहुण्यांना मी ती वही मुद्दाम दाखवत असे.

तर ही वही आपण वेबवर नेऊ, असं मी सभेत म्हणालो. निवृत्तीनंतर सहा महिने वर्गाला जाऊन मी वेबसाइट बनवायला शिकलो आहे. वर्गात मी सगळ्यांत मोठा होतो आणि शिकवणारा सगळ्यांत लहान. प्रमाणपत्र दिवाणखान्यात, दारातून आत येणाऱ्याला दिसेल असं टांगलं आहे.

“किती दिवसांत?” माजी सचिवांनी विचारलं. ते चौथ्या मजल्यावर राहतात, विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत, आणि ‘माजी’ हा शब्द त्यांनी अजून मनावर घेतलेला नाही.

“पंधरा दिवसांत.”

“आणि नाही झालं तर?”

“तर सचिवपद सोडीन.”

हे वाक्य कुणी मागितलं नव्हतं. माजी सचिवांनी खिशातून पेन काढून मला दिलं आणि म्हणाले, “घ्या, लिहून घ्या. पेन शोधू नका.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून ऑपरेटरबाई उठल्या. त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही, पण कानाला असं वळण आहे की जिना कोण चढतंय हे त्या दार न उघडता सांगतात.

“अहो सचिव, त्यात माझी तक्रार मला माझ्या हातानं लिहिता येईल का?”

“येईल की.”

“मधे कुणी नको हं.”

“कुणी नसेल.”

“मग हेही लिहून घ्या.”

तेही घेतलं. एका सभेत दोन शब्द दिले गेले, आणि दोन्हींना मुदत एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मुलीनं विचारलं, “बाबा, कॉम्पोनंट लायब्ररी कुठली घेताय?” ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिचे प्रश्न नेहमी इतके साधे वाटतात.

“बघतोय,” मी म्हणालो. असा काही प्रश्न असतो, हे मला त्या क्षणी कळलं होतं.

ज्यांना माझ्यासारखंच हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइटवर बटणं लागतात, लिहायचे रकाने लागतात, निवडायच्या याद्या लागतात, तारखेसाठी छोटी दिनदर्शिका लागते. हे सगळं कुणीतरी आधीच घडवून, घासूनपुसून, एकमेकांना शोभेल असं करून ठेवलेलं असतं. असा पूर्ण संच म्हणजे कॉम्पोनंट लायब्ररी. संच आणायचा, त्यासोबत दिलेला नमुना उतरवून घ्यायचा, आपले शब्द घालायचे, की झालं. वर्गात मी एक बटण स्वतः घडवलं होतं. त्याला चार दिवस लागले आणि पूर्ण झाल्यावर ते दुरुस्त करून आणल्यासारखं दिसत होतं. तेव्हा संच घेणं भाग होतं. प्रश्न एवढाच, की कुठला? कारण जगात असे शेकड्यांनी संच आहेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तो सर्वांत सोपा असल्याचं लिहिलेलं आहे.

मी तक्ता केला. उभ्या बाजूला चौदा संच, आडव्या बाजूला बावीस निकष. शेवटचा बदल कधी झाला, किती लोक सांभाळतात, अडचण विचारली तर उत्तर किती दिवसांत येतं, फोनवर कसा दिसतो, वजनाला किती. एका संचाच्या पानावर चौदाशे शंका अनुत्तरित होत्या आणि त्याच्या कर्त्यानं वर एक ओळ लिहून ठेवली होती की आपण आता मधमाश्या पाळतो. त्याला मी खोडलं. दोन दिवसांनी तक्ता इतका रुंद झाला की छापल्यावर जेवणाच्या टेबलावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला.

ही आली, ताटं ठेवायला जागा नाही हे पाहिलं, आणि तक्त्याचं एक टोक उचलून वाचत म्हणाली, “अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढं काही विचारलं नव्हतंत.”

“तेव्हा पर्याय कमी होते,” मी म्हणालो. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.

तक्त्यातून तीन संच उरले. त्यांना नावं हिनंच ठेवली. पहिला, ज्याची बटणं सावली टाकत आणि याद्या पडद्यासारख्या सरकत, तो ‘नटवी’. दुसरा, ज्यात सगळं काही होतं, तो ‘भरलं घर’. तिसरा दिसायला अगदी कचेरीतल्या अर्जासारखा, चौकोनी आणि काळापांढरा, तो ‘साधी’. साधी तिसरी का होईना आली, ती बावीसपैकी एका निकषात पहिली होती म्हणून. तो निकष मी नीट न समजता घातला होता: माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर पूर्ण चालते का.

इथवर सगळं ठीक होतं. मग मला लोकशाहीची हुक्की आली. तिन्ही संचांचे नमुने छापून मी सूचनाफलकावर लावले आणि खाली लिहिलं, ‘अभिप्राय द्यावेत’. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी वाचकांची पत्रं वाचली होती. तरीही लिहिलं.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, बटणांचे कोपरे टोकदार नकोत, लागतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घरांची सजावट करतात. त्यांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून नमुने पाहिले आणि म्हणाल्या, “काका, इतके शब्द? आता शब्द कुणी ठेवत नाही. फक्त चित्रं ठेवा. पाठवायला कागदी विमान, फोटोला कॅमेरा, खोडायला डबा. बघा कसं मोकळं वाटेल.” ‘मोकळं वाटेल’ हा तर शब्द कापणाऱ्या माणसाच्या मर्मावरचा वार होता. मी लगेच मान डोलावली. एका अज्ञात रहिवाशानं कागदावरचं बटण दाबून पाहिलं असावं. तिथं अंगठ्याचा डाग पडला होता.

माजी सचिव नियमावली घेऊनच खाली आले. “नियम सतरा. इमारतीच्या दर्शनी भागात बदल करायचा तर सदस्यांची समिती नेमावी लागते.”

“पण ही वेबसाइट आहे.”

“लोकांना आधी काय दिसणार? तीच ना? मग दर्शनी भाग झाला.”

मी या युक्तिवादात खोट शोधली. अजून शोधतो आहे. अशा तऱ्हेनं डॉक्टर, वहिनी आणि माजी सचिव यांची बटण उपसमिती स्थापन झाली. तिची बैठक दोनदा भरली. पहिल्यांदा अध्यक्ष ठरला. दुसऱ्यांदा नटवी मंजूर झाली, या अटीवर की बटणांवर चित्रंच असावीत आणि कोपरे गोल असावेत. सहावा दिवस संपला.

सातव्या आणि आठव्या दिवशी मी काम केलं, आणि ते काम कसं झालं हे सांगताना आजही ऊर भरून येतो. नमुन्यातलं एकेक बटण मी उतरवून घेतलं. उतरवताना लक्षात आलं की या संच बनवणाऱ्यांना एक वाईट खोड आहे. बटणावर कागदी विमानाचं चित्र आहे, पण त्याच्या पोटात, पडद्यावर कुठंही न दिसणारी एक ओळ आहे: ‘तक्रार पाठवा’. रकान्याच्या वर ‘फ्लॅट क्रमांक’ असं दिसतं आहे, आणि आत पुन्हा लपवून ‘फ्लॅट क्रमांक’. एकच गोष्ट दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर जिथं कुणी वाचणार नाही अशा जागी! माझा हात शिवशिवला. एकेक करून अशा एक्केचाळीस ओळी मी कापल्या. वेबसाइट पहिल्यासारखीच दिसत होती, चालत होती. डेस्कवर याला स्वच्छ प्रत म्हणत.

नवव्या दिवशी लॅपटॉप घेऊन ऑपरेटरबाईंकडे गेलो. त्यांच्या खोलीत दिवा नव्हता, पण प्रत्येक वस्तू रेषेत होती. त्यांच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारा एक आवाज आहे. एका पट्टीतला, न थकणारा. त्यांनी वेबसाइट उघडली, एक कळ दाबत पुढे जाऊ लागल्या, आणि आवाज बोलू लागला.

“रकाना. रकाना. यादी. बटण. बटण. बटण. बटण.”

बाईंनी कळ सोडली. “सचिव, यातलं पाठवायचं कुठलं?”

“ते कागदी विमानाचं.”

“हो का,” त्या म्हणाल्या.

मला माझ्या वाक्याची लाज वाटायला साधारण जिना चढून जाईपर्यंतचा वेळ लागला. पण दोष कुणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. नटवी नुसती दिसायला. त्याच दुपारी मी तिच्या कर्त्यांना खरमरीत पत्र पाठवलं, तीन मुद्द्यांचं, एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुम्ही लिहिलेला कोड पाठवाल का? जाब आम्ही विचारायचा आणि कागदपत्रं आमचीच मागायची! मी उत्तर दिलं नाही. भरलं घर उघडलं.

भरल्या घरालाही तीच खोड होती. तिथल्याही एक्केचाळीस ओळी कापल्या. या वेळी हात बसलेला असल्यामुळे अर्ध्या वेळात. बाराव्या दिवशी बाईंच्या खोलीत आवाज म्हणाला, “रकाना. रकाना. यादी. बटण. बटण.” तेराव्या दिवशी साधी घेऊन गेलो. साधीचीही लपलेली पुनरुक्ती काढून टाकलेली. “रकाना,” आवाज म्हणाला, आणि पुढचं मला पाठ होतं.

दरम्यान माजी सचिव जिन्यात भेटून विचारत होते, “काय, किती बटणं झाली?” आणि सूचनाफलकावर कुणीतरी दिवसांचे उलटे आकडे लिहायला सुरुवात केली होती. अक्षर विमा कंपनीतलं वाटत होतं.

त्या तेराव्या दिवशी बाईंनी कळांवरून हात काढून मांडीवर ठेवले.

“सचिव, तुम्हाला एक सांगू? आमच्याकडे एखादा माणूस कुरकुर करायचा, आवाज तुटतो म्हणून. आम्ही लाइन बदलून द्यायचो. तरी तुटतो. दुसरी द्यायचो, तरी तोच. तिसऱ्या लाइनवरही तसंच झालं, की आम्ही लाइन तपासणं बंद करायचो.”

“मग काय करायचात?”

“त्याला सांगायचो, बाबा रे, तोंडावरचा हात काढ.”

मी लॅपटॉप उचलून उठलो. दाराशी पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, “उंबऱ्याशी जपून. आणि तिसऱ्या पायरीशीही. तिची कड अजून तुटलेलीच आहे.”

मुलीला विचारणं मी तेरा दिवस टाळलं होतं. प्रमाणपत्र तिच्याच खुर्चीच्या वर टांगलेलं आहे. शेवटी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिनं दोन मिनिटं वर-खाली पाहिलं.

“बाबा, बटणांची नावं कुठं गेली?”

“कापली.”

“का?”

“पुनरुक्ती होती.”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. ही हसत होती. मुलगी हसली नाही, ते जास्त लागलं.

“बाबा, ज्यांना विमान दिसत नाही त्यांच्यासाठीच असतं ना ते. ऑपरेटरकाकूंचा संगणक तेवढंच वाचतो. नाव काढलं की त्याला फक्त एवढंच कळतं की इथं बटण आहे. कसलं, ते नाही.”

“मग पडद्यावर का नाही लिहीत?”

“लिहिता येतं. पण तुमच्या उपसमितीला चित्रं हवी होती.”

“मी लावून देऊ का सगळी?” असं तिनं नंतर विचारलं. मी नको म्हणालो. चौदाव्या दिवशी सकाळी बसून तिन्ही संचांतली नावं मी स्वतः परत लावली. एकशे तेवीस ओळी. कापलेलं जसंच्या तसं परत लावायचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि ते कापण्यापेक्षा अवघड असतं अशी नोंद करून ठेवतो.

दुपारी बाईंच्या खोलीत उपसमितीही हजर होती, नियम सतरा. बाईंनी तिन्ही संच ओळीनं घेतले. नटवी आता छान बोलली, पण तारीख निवडायच्या दिनदर्शिकेत बाई शिरल्या आणि त्यांना बाहेर पडता येईना. कितीही कळा दाबल्या तरी पुढचा महिना, पुढचा महिना. “पुढच्या वर्षात पोचले मी,” बाई म्हणाल्या. “सोडवा.” भरल्या घरातली यादी उघडली, पण आत काय आहे हे सांगेना. “कपाट उघडलं, दिवा लागला नाही,” बाई म्हणाल्या. “पुढचा.” साधीत त्या शिरल्या आणि थांबल्याच नाहीत. “तक्रारीचा प्रकार, यादी. फ्लॅट क्रमांक, रकाना. तक्रार, रकाना. तक्रार पाठवा, बटण.” सतरा मिनिटांत तिन्हींचा निकाल लागला. बावीस निकषांचा माझा तक्ता, दोन दिवसांची मेहनत, आणि त्यात खरा निकष एकच निघाला, कीबोर्डचा. तो मी घातला होता, एवढं मात्र कुणी नाकारू शकत नाही.

वहिनींनी चष्मा काढून पुसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, शब्द पण ठेवा. चित्राच्या शेजारी.”

“मोकळं वाटणार नाही,” मी म्हणालो.

“जाऊ द्या हो.”

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सहाला सभा. वेबसाइट भिंतीवर मोठी करून दाखवली होती, चौकोनी, काळीपांढरी, शब्दांसकट. माजी सचिव उभे राहिले.

“हरकत आहे. उपसमितीनं मंजूर केला तो संच हा नव्हे. निर्णय बदलायचा तर पुन्हा बैठक, सात दिवसांची सूचना. म्हणजे मुदत टळली. म्हणजे सचिवपद...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही त्यांच्या जागी केलं नसतं. परिणाम जास्त होतो.

“उपसमितीच्या वर कोण असतं हो?” मागून बाईंचा आवाज आला.

“सर्वसाधारण सभा.”

“मग इथं कोण जमलंय?”

डॉक्टरांनी ठराव मांडला, वहिनींनी अनुमोदन दिलं. माजी सचिवांनी शेवटचा प्रयत्न केला: “कोपरे टोकदार आहेत. तुम्हीच म्हणाला होतात.”

“घासून देईन,” डॉक्टर म्हणाले. हात वर झाले. माजी सचिवांचा सगळ्यांत शेवटी, पण झाला.

मग पहिली तक्रार ऑपरेटरबाईंनी करावी असं ठरलं. त्यांच्यासमोर कीबोर्ड ठेवला, त्यांचा वाचणारा आवाज ध्वनिक्षेपकाला जोडला. बाई लिहू लागल्या. त्यांची बोटं थांबेचनात. शेवटी आवाज म्हणाला, “तक्रार पाठवा, बटण.” बाईंनी दाबलं. “तक्रार नोंदवली.” टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं ही म्हणते. मी त्याला दुजोरा देत नाही.

“वाचून दाखवा की,” कुणीतरी म्हणालं. आणि त्या एका पट्टीतल्या आवाजानं भर सभेत वाचलं:

“तक्रार सचिवांबद्दल आहे. गेली नऊ वर्षं मी त्यांना तक्रारी सांगते आणि ते लिहून घेतात आणि मी पहारेकऱ्याकडून वहीत काय लिहिलंय ते वाचून घेते. दोन वर्षांपूर्वी मी सांगितलं की तिसऱ्या पायरीची कड तुटली आहे आणि मी दोनदा पडता पडता वाचले आणि दुसऱ्यांदा माझ्या हातात दूध होतं आणि ते सगळं सांडलं आणि मी तिथंच बसून राहिले आणि मला फार राग आला. वहीत आलं, ‘पायरी दुरुस्त करावी.’ दूध कुठं गेलं आणि राग कुठं गेला?...”

अजून बरंच होतं. दिव्याबद्दल होतं, नळाबद्दल होतं, एका सकाळबद्दल होतं जी मी ‘पाणी कमी दाबाने’ अशी तीन शब्दांत बसवली होती. मी उभा होतो, आणि मला जे वाटलं ते अपमानासारखं असायला हवं होतं. तसं नव्हतं. माझ्या बटणातून, मधे कुणी नसताना, एक अक्षरही न गळता ते सगळं आलं होतं. शब्द दिला होता, तो पाळला गेला होता, आणि किती पाळला गेला होता ते सगळे ऐकत होते.

“हे कार्यवृत्तात पूर्ण यायला हवं,” माजी सचिव म्हणाले.

“येईल,” मी म्हणालो.

पायरीचं काम दुसऱ्या दिवशी गवंड्यानं केलं. तो येईपर्यंत मी तिथं उभा राहिलो. मग घरी येऊन कार्यवृत्त लिहिलं. ही तक्रार आमच्या सोसायटीच्या इतिहासातली सर्वांत लांब आहे. मुलगी मागून येऊन माझ्या खांद्यावरून वाचत होती, कदाचित माझी कापायची पेन्सिल कुठं आहे ते बघत होती.

तक्रारीत ‘आणि’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. मी मोजला. हात लावला नाही.